डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठाचे तेल

नागपूर व वऱ्हाड ह्या भागांतील आमच्या वाचकांस महारोग म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर आहे, वरोऱ्याजवळ आनंदवन आहे, परतवाड्याजवळ कोठारा आहे. आणि ज्या खेड्यात ह्या रोगाने पीडलेला एखादा तरी मनुष्य कोणी पाहिला नाही असे खेडे आपल्याकडे क्वचितच सापडेल. हल्ली ह्या रोगास कुष्ठरोग म्हणतात, व सरकारी आरोग्य केंद्रात त्याच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या गोळ्यांपैकी काही क्षयरोगावरही चालतात. परंतु ह्या गोळ्या निघण्यापूर्वी शंभर वर्षे ह्या देशात ज्या एकाच औषधावर रोग्यांची व डॉक्टरांची सारी भिस्त होती, ते एका कडू बियांचे तेल होते. आणि आश्चर्य असे की, तेही महारोग व गंडमाळा ह्या दोहोंवर दिले जात असे. गंडमाळा म्हणजे बहुधा मानेतील गाठींचा क्षयच होय. हे तेल महारोग्यांस देऊन त्याची परीक्षा करणाऱ्या आरंभीच्या डॉक्टरांमध्ये एक मराठी गृहस्थ होते. मुंबईत त्यांचे नाव पुष्कळांस ठाऊक आहे. पण आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस ते ठाऊक नसावे, म्हणून त्यांचे वृत्त येथे देत आहोत.

रामकृष्ण विठ्ठल लाड असे त्यांचे पूर्ण नाव. लोक त्यांस भाऊ दाजी ह्याच नावाने ओळखीत. त्यांचा जन्म 1822 च्या सुमारास गोव्यात झाला. घरची गरिबी होती. पुढे हे कुटुंब उदरनिर्वाहासाठी मुंबईस आले. मुलगा बुद्धिबळात फार तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याच्या वडिलांस सुचविले की, ह्या मुलास इंग्रजी शिकवावे, व वडिलांनी ते ऐकले. एल्फिन्स्टन विद्यालयात त्याची हुशारी लवकरच दिसून आली, आणि पुढे तेथेच त्यास शिक्षकाचे काम मिळाले. ह्याच काळात काठेवाड व कच्छ येथील काही जातींत मुलगी जन्मताच तिला मारून टाकण्याची जी दुष्ट चाल होती, तिजवर त्यांनी एक निबंध लिहिला व त्यास बक्षीस मिळाले. विशी-बाविशीचा तरुण अशा विषयावर लेखणी उचलतो ह्यावरून त्याच्या मनाचा कल वाचकांच्या लक्षात येईल.

1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. तेव्हा भाऊंनी शिक्षकाची नोकरी सोडली व ते पुन्हा विद्यार्थी झाले. मेलेल्या शरीराची चिरफाड करून शिकणे हे त्या काळी ब्राह्मणाच्या मुलास किती अवघड होते, हे आजच्या तरुणांस सहसा कळणार नाही. शरीर तर शिवावयाचेच, पण ते कोणत्या जातीचे हेही विचारावयाचे नाही! 1851 साली कॉलेजातून जी पहिली तुकडी परीक्षा उतरून बाहेर पडली तीत भाऊ होते. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी मुंबईत दवाखाना चालविला व तेथे गोरगरिबांस धर्मार्थ औषध मिळे.

त्यांचा लौकिक इतक्या गोष्टींनी वाढला की त्या साऱ्या सांगू लागलो तर पत्राचे सर्व रकाने त्यातच जातील. मुलींच्या शाळा चालविणाऱ्या सभेत ते पुढारी होते. विश्वविद्यालयाच्या स्थापनेत होते, भायखळ्याच्या पदार्थसंग्रहालयाच्या उभारणीत होते, आणि 1869 व 1871 अशा दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. शेअरांच्या सट्ट्याने 1865 साली मुंबईतील बड्या बड्या पेढ्या बुडाल्या, तेव्हा त्यांचीही फार हानी झाली. जुने शिलालेख व नाणी वाचण्याचा त्यांस मोठा नाद होता. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख त्यांनी वाचून 1863 च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्यांत वाकाटक राजांच्या वंशाचा लेख आहे. ह्याच घराण्याच्या एका शाखेची राजधानी रामटेकजवळच्या नंदिवर्धन येथे होती. तेव्हा नागपूरकरांवर डॉक्टरसाहेबांचे एवढे तरी ऋण आहेच.

एक गोष्ट मात्र थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचा उपयोग होईल. 1862 साली मुंबईच्या वरिष्ठ कोर्टात एक मोठा खटला चालला. वैष्णवांच्या एका महाराजांनी, आपल्या अनीतीची वाच्यता वर्तमानपत्रात केली म्हणून, करसनदास मुळजी ह्या संपादकावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. महाराजांचे भक्त धनाढ्य होते व त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास कोणी धजत नसे. तेव्हा डॉ. भाऊ दाजी पिंजऱ्यात उभे राहिले, व ह्या महाराजांस दुराचारापासून होणारा रोग जडला असून त्यावर आपण स्वतः उपचार केला आहे, असे त्यांनी शपथेवर सांगितले. खटला करसनदासांच्या बाजूने गेला. रोग्याची गोष्ट डॉक्टराने चारचौघांत सांगावी की नाही ह्याविषयी मतभेद होईल. पण खरे बोलण्याने आपले नुकसान होईल म्हणून हा पुरुष गप्प बसला नाही, हे तर निर्विवाद आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू.

त्या काळी मुंबईच्या रस्त्यांतून महारोगी झुंडीने भीक मागत. काहींस भायखळ्याच्या धर्मशाळेत आसरा मिळे. माटुंग्यास त्यांच्यासाठी आश्रम निघाला तो 1890 साली, म्हणजे भाऊंच्या मागून पुष्कळ वर्षांनी. हा रोग पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ होय असे लोक मानीत, आणि तो पिढीजात रक्तातून उतरतो असे मोठमोठे युरोपियन डॉक्टरही मानीत. ख्रिस्ती मंडळ्यांतही शास्त्रातील कुष्ठ्यांचे वृत्तान्त अर्धवट वाचून ह्या रोगास पापाचा शिक्का समजणारे लोक होते, व खरे सांगावयाचे तर अजूनही आहेत. पातक म्हणा की रक्त म्हणा, निष्कर्ष एकच होई: औषध व्यर्थ आहे. भाऊंस हा निष्कर्ष मान्य झाला नाही. एकीकडे त्यांस इंग्रजी वैद्यक येत होते, दुसरीकडे संस्कृतातील जुने वैद्यकग्रंथ मूळ भाषेत वाचता येत होते. प्राचीनांनी ज्या औषधांची एवढी थोरवी गाईली आहे ती औषधे खरोखर गुण देतात काय, हे ग्रंथावर विश्वासून न ठरविता रोग्यावर देऊन पाहावे, असा त्यांनी क्रम ठेवला. पुष्कळ पंडित ग्रंथास हात जोडून थांबत व पुष्कळ डॉक्टर ग्रंथ न उघडताच हसत. भाऊंनी हे दोन्ही केले नाही.

त्यांनी महारोगावर जे औषध चालविले ते खष्ट नावाच्या झाडाच्या बियांपासून काढलेले तेल होय. कोकणात ह्यासच कडू कवठ म्हणतात. हे झाड गोवा, कोकण व सह्याद्रीच्या ओलसर रानांत होते. आपल्या नागपुराकडच्या कोरड्या जंगलात ते नाही, आणि आपण खातो त्या कवठाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. फळ वाटोळे, कठीण कवचाचे, आत गरात रुतलेल्या पुष्कळ बिया. फळ इतके जहाल की, ते कुटून पाण्यात टाकले असता मासे गुंगून वर येतात. बियांचे तेल पिवळसर असून थंडीत थिजते. सुश्रुताच्या ग्रंथात पश्चिम समुद्राच्या काठी वाढणाऱ्या तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे, व त्याच्या बियांचे तेल कुष्ठावर द्यावे असे लिहिले आहे. तो वृक्ष हाच, असे वनस्पतीचे जाणते म्हणतात. गोव्यात जन्मलेल्या व सुश्रुत वाचू शकणाऱ्या डॉक्टरची नजर ह्या बियांवर पडावी ह्यात आम्हांस नवल वाटत नाही.

पूर्वेकडे ह्याच जातीच्या दुसऱ्या एका झाडाचे तेल चालमोगरा नावाने प्रसिद्ध होते. कलकत्त्याचे डॉ. मोआट ह्यांनी 1854 साली त्याचा महारोगावरील उपयोग छापून प्रसिद्ध केला, व 1868 साली निघालेल्या हिंदुस्थानच्या सरकारी औषधिसंग्रहात महारोग, गंडमाळा, त्वचेचे रोग व संधिवात ह्यांवर ते औषध म्हणून घातले गेले. गंमत अशी की, ज्या झाडाच्या बिया म्हणून त्या विकल्या जात ते झाडच चुकीचे ठरले होते, व खऱ्या झाडाचा पत्ता लागण्यास विसावे शतक उजाडले. नावाचा घोळ निस्तरेपर्यंत हजारो रोग्यांनी ते तेल पोटात घेतले होते.

तेल घेणे हे सोपे काम नव्हे. चव अत्यंत कडू. थोडे अधिक झाले की मळमळ, वांती, जुलाब. अंगास चोळावयाचे व पोटातही घ्यावयाचे, आणि तेही महिनोन्महिने. कित्येक रोगी काही दिवसांतच कंटाळून सोडून देत. तरी भाऊंच्या हातून काही रोग्यांस बराच आराम पडला, व त्यांच्या ह्या उपचाराची ख्याती झाली. पुढे हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर जे मोठे इंग्रजी ग्रंथ झाले त्यांतही, डॉ. भाऊ दाजी हे तेल महारोगावर देत असत, अशी नोंद आहे.

येथे एक गोष्ट आम्हांस खटकते व ती झाकून ठेवणे योग्य नाही. आपल्या औषधाची कृती भाऊंनी आपल्या हयातीत जगापुढे मांडली नाही. त्यांच्या बाजूने पुष्कळ सांगता येईल. अर्धी परीक्षा झालेले औषध बाजारात गेले तर भोंदू वैद्य ते मन मानेल तसे देतील, व गुण न आल्यास खऱ्या औषधाचे नाव बद्दू होईल, ही भीती खोटी नव्हती. प्रयोग पुरा झाल्यावरच बोलावे हे विद्वानास शोभतेच. परंतु ज्या पुरुषाने कोर्टात उभे राहून दुसऱ्याचे गुपित सत्यासाठी उघड केले, त्याने रोग्यांच्या हिताचे हे गुपित आपल्यापाशी ठेवावे, हे मनास पटत नाही. आपल्या खेड्यांतील वैद्यही झाडपाल्याचे औषध बापाकडून मुलाकडे कानात सांगतात, आणि मुलगा नसला तर ते औषध वैद्याबरोबर मातीत जाते. भाऊ त्या वैद्यांसारखे अडाणी नव्हते. पण मृत्यू विद्वानाचा प्रयोग पुरा होईपर्यंत थांबत नाही. 1874 च्या मे महिन्यात, वयाच्या सुमारे 52 व्या वर्षी, ते वारले.

त्यांच्या अखेरच्या दिवसांत ह्या रोगाविषयीचे सारे ज्ञान दूर देशी पालटत होते. नॉर्वे देशातील बर्गेन शहरी हान्सेन नामक डॉक्टराने 1873 साली महारोग्याच्या गाठीतील रसात सूक्ष्म काडीसारखे जंतू पाहिले. हा रोग पातकाचा नव्हे, रक्ताचाही नव्हे, जंतूचा होय, हे प्रथम तेथे दिसले. मुंबईच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविणारे डॉ. व्हँडाइक कार्टर हे त्या सुमारास नॉर्वेस जाऊन हान्सेन ह्यांस भेटले, व तेथील आश्रमांची हकिकत त्यांनी 1874 साली छापून प्रसिद्ध केली. भाऊ आणखी दहा वर्षे जगते तर त्यांनी ह्या शोधाचे काय केले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. क्षयाचा जंतू कॉख ह्यांनी 1882 साली दाखविला. आणि दोन्ही जंतू एकाच कुळातले, दोघांच्याही अंगावर मेणासारखे कवच, असे दिसून आले. महारोग व गंडमाळा ह्यांस एकच औषध देणाऱ्या जुन्या लोकांस कारण ठाऊक नव्हते, तरी हे दोन रोग कोठेतरी एकमेकांचे सोयरे आहेत एवढे त्यांनी ओळखले होते.

तेलाचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. ते पोटात राहत नाही म्हणून टोचून देण्याची युक्ती निघाली. पण घट्ट तेल टोचले की गाठी व गळवे होत. हवाई बेटांत ॲलिस बॉल नावाच्या 23 वर्षांच्या एका कृष्णवर्णी मुलीने 1915 च्या सुमारास त्या तेलाचे पातळ, शरीरात सहज मिसळणारे रूप तयार केले. ती 1916 साली वारली, व पुष्कळ वर्षे तिच्या कामाचे श्रेय दुसऱ्यास मिळत गेले. कलकत्त्यास सर लिओनार्ड रॉजर्स व डॉ. म्यूर ह्यांनी टोचण्याची औषधे सुधारली. दोन्ही जंतू सारखे आहेत हे जाणून रॉजर्स ह्यांनी त्याच रीतीने माशाच्या तेलाचे औषध करून क्षयावर देऊन पाहिले. त्या काळी नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांतात चांपा, चंदखुरी इत्यादी ठिकाणी मिशनचे आश्रम होते. अशा आश्रमांतून आठवड्यास एक-दोनदा रोग्यांची रांग लागे, व प्रत्येक जण सुई टोचून घेऊन दुखऱ्या अंगाने परत जाई.

ह्या तेलाने रोग बरा होत असे काय? ह्याचे उत्तर देताना आम्ही अतिशयोक्ती करणार नाही. आरंभीच्या अवस्थेतील काही रोग्यांचे चट्टे निवळत; पण हा रोग मधूनमधून आपोआपही ओसरतो, म्हणून किती गुण तेलाचा व किती काळाचा हे सांगणे कठीण असे. पुढे चांगली औषधे आल्यावर तेल मागे पडले. तथापि एक लाभ निःसंशय झाला. औषध आहे असे कळताच लपलेले रोगी पुढे येऊ लागले. पूर्वी ज्या आश्रमात लोक मरावयास जात तेथे ते बरे होण्यासाठी जाऊ लागले.

चांगल्या औषधांची कथाही अशीच गुंतलेली आहे. प्रोमिन हे औषध क्षयासाठी तपासले गेले होते. क्षयावर त्याची मात्रा नीट चालली नाही, पण अमेरिकेतील कारव्हिल येथे 1941 साली ते महारोग्यांस दिले तेव्हा जखमा भरू लागल्या. त्याच घराण्यातील डॅप्सोनची स्वस्त गोळी पुढे गावोगाव पोहोचली. वर्ध्यास 1951 साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने घरोघर फिरून रोगी शोधण्याची व गोळी देण्याची पद्धत बसविली. आयर्लंडातील डब्लिन येथे डॉ. बॅरी व त्यांचे सोबती ह्यांनी क्लोफाझिमीन हे औषध क्षयासाठीच तयार करून 1957 साली प्रसिद्ध केले. ते उपयोगी पडले प्रथम महारोगास, आणि अलीकडे दाद न देणाऱ्या क्षयासही देतात. रिफाम्पिसीन तर दोन्ही रोगांचे मुख्य औषध आहे. एकट्या डॅप्सोनला जंतू जुमानीनासे झाले, तेव्हा ही तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार 1982 च्या सुमारास निघाला, व आपल्या देशात तो ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला त्यांत नागपूरच्या शेजारचा वर्धा जिल्हा होता. सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की जंतू मरतात, आणि पहिल्या मात्रेपासूनच दुसऱ्यास लागण होण्याचे भय बहुतेक नाहीसे होते.

उपदेशक बंधूंस घरोघर जावे लागते, म्हणून दोन-तीन गोष्टी येथेच सांगून ठेवतो. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून त्यास शिवलेले कळत नसेल, तर त्या मनुष्यास आरोग्य केंद्रात न्यावे. रिफाम्पिसीनने लघवी लाल होते व क्लोफाझिमीनने अंगाचा रंग काळवंडतो. पहिले दिवसा-दोन दिवसांत जाते. दुसरे औषध संपल्यावर हळूहळू निवळते. ह्या भयाने पुष्कळ जण, विशेषतः लग्नाच्या मुली, गोळ्या मध्येच टाकून देतात. तसेच ज्यास हा रोग असून दोन आठवड्यांहून अधिक खोकलाही आहे, त्याने ते डॉक्टरांस अवश्य सांगावे. कारण महारोगात रिफाम्पिसीन महिन्यातून एकदा देतात, तेवढ्याने क्षय बरा होत नाही, उलट त्याचे जंतू औषधास निर्ढावतात.

भायखळ्याच्या ज्या पदार्थसंग्रहालयासाठी भाऊ दाजींनी खटपट केली त्यास 1975 साली त्यांचे नाव देण्यात आले. कायद्यास मात्र त्यांच्या मागोमाग येण्यास फार वेळ लागला. महारोग्यांस पकडून आश्रमात डांबण्याची मुभा देणारा 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. ख्रिस्ती विवाहांस लागू असणारा घटस्फोटाचा कायदा 1869 चा, म्हणजे भाऊ प्रथम शेरीफ झाले त्याच वर्षीचा. त्यात 2001 साली, खात्रीचा उपचार निघून वीस वर्षे होत आली असता, जोडीदारास बरा न होणारा महारोग असणे हे काडीमोडीचे एक कारण म्हणून घालण्यात आले. 2019 साली संसदेने ते ह्या कायद्यातून काढून टाकले, व हिंदू, मुसलमान इत्यादिकांच्या विवाहकायद्यांतूनही काढले.